ओल्या कचऱ्याच्या कुंड्या: एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

नेरूळमधल्या आमच्या सोसायटीचा ओला कचरा गेल्या दिवाळीपासून फाटकाबाहेर गेलेला नाही. मागच्या मोकळ्या जागेत, कंपाउंडच्या भिंतीला लागून, जाळीच्या विटांच्या आठ कुंड्या बांधल्या आहेत. शंभरेक घरांमधली भाजीची देठं, चहाचा चोथा, आंब्याच्या साली, माशांचे काटे, उरलेला भात असं सगळं तिथेच मुरतं आणि खत होऊन झाडांना जातं. गणपती होऊन गेले, म्हणजे जवळजवळ वर्षाचा फेरा पाहून झाला. पावसाळा निघाल्याशिवाय लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. कोकणपट्टीत खताच्या कुंडीची परीक्षा जानेवारीत होत नाही, ती जुलैत होते.

पद्धत चालते, चांगली चालते. पण तिला रोज दीड-दोन तास हात घालणारा माणूस आणि वर्षभर पुरेल इतका सुका पाला लागतो. ही सोय आधी करा, बांधकामाचं नंतर बघा. आणि हे दोन्ही नको म्हणून यंत्राकडे वळणार असाल, तर पुढचा भाग नक्की वाचा.

कुंड्यांच्या आधी आमच्याकडे ‘24 तासांत खत’ म्हणून विकलं जाणारं यंत्र होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही, या जातीच्या यंत्रांचा आहे. आत गरम कॉइल असते, पाती फिरतात, सकाळी टाकलेल्या कचऱ्याची दुसऱ्या दिवशी तपकिरी भुकटी मिळते. वास नाही, आळ्या नाहीत, दिसायला अगदी खत. ती मूठभर भुकटी डबीत घेऊन पाण्याने भिजवा आणि झाकून ठेवा. दोन-तीन दिवसांत बुरशी धरते आणि आंबूस वास सुटतो. कारण कचरा कुजलेलाच नसतो, फक्त वाळलेला असतो. कुजायची क्रिया मग तुमच्या झाडाच्या कुंडीत मुळांशी सुरू होते. आमच्या बागेतल्या जास्वंदीची पानं कडेने करपली ती याच भुकटीने.

वीज तर विचारूच नका. ओल्या कचऱ्यात तीन-चतुर्थांश पाणी असतं. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण 0.63 युनिट लागतं, कोणतंही यंत्र असलं तरी यात सूट मिळत नाही. 70 किलो कचरा वाळवायचा तर दिवसाला 30 युनिटच्या वर खर्च, तोही काहीच उष्णता वाया जात नाही असं धरून. गच्चीवर 3 किलोवॉटची सौर पॅनेलं लावली तर ती दिवसाला सरासरी 12 युनिटच्या आसपास देतात. मग सौर वाढवू आणि त्यावर यंत्र चालवू, असा प्रस्ताव आमच्या सभेत आला होता. माझं मत तेव्हाही हेच होतं की ती वीज लिफ्टला, पंपाला, जिन्यातल्या दिव्यांना द्या. आज आपल्या घरातली वीज मुख्यतः कोळशाची आहे, तिची राख आणि धूर चंद्रपूर-कोराडीची माणसं सोसतात. जीवाणू जे काम फुकट करतात त्यासाठी तिकडचा कोळसा जाळायचा, हे मला कुठल्याच हिशेबात पटत नाही.

आणि जीवाणू खरोखर किती उष्णता काढतात! कुंडी साधारण मीटरभर लांब, रुंद, उंच असेल आणि मिश्रण जमलं असेल, तर तीन-चार दिवसांत आतलं तापमान 60 अंशांच्या आसपास पोचतं. डिसेंबरात सकाळी फावडं घातलं की वाफ निघताना दिसते. या उष्णतेत रोगजंतू मरतात, तणाचं बी मरतं, माशीची अंडी मरतात. मिश्रण जमणं म्हणजे कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) यांचं प्रमाण 25 ते 30 भागांना एक असं बसणं. स्वयंपाकघरातला कचरा नत्राचा आणि पाण्याचा, सुका पाला कर्बाचा. आमच्याकडे बादलीभर कचऱ्यावर बादलीभर पाला पडतो, पावसाळ्यात दीड बादली. एक कुंडी आठवड्याभरात भरते, मग ती झाकायची, दर चार-पाच दिवसांनी पंजाने खालीवर करायची, दीड महिन्यात रिकामी करायची. कुजवणाऱ्या जीवाणूंचं विकतचं कल्चर आम्ही पहिल्या कुंडीपुरतं आणलं. नंतर तयार खताची एक पाटी नव्या कुंडीच्या तळाला घालतो, दह्याला विरजण लावावं तसं, आणि तेवढं पुरतं.

हे सगळं रोज करतात त्या आमच्या मावशी. पूर्वी त्या भंगार वेचायच्या, त्यामुळे कचऱ्यातलं काय कुठून आलं हे त्यांना आमच्या कुणापेक्षाही जास्त कळतं. ओलावा बघायला त्या मूठ आवळतात. बोटांमधून पाणी ठिबकलं तर जास्त ओलं, मूठ उघडल्यावर गोळा भुरभुरला तर कोरडं, गोळा तसाच राहिला तर बरोबर. आर्द्रता मोजायचं उपकरण आम्ही आणलं होतं, ते कपाटात आहे. “ताई, तिसरी रडायला लागली, पाला द्या,” असा त्यांचा निरोप आला की समजायचं, खालून काळं पाणी सुटलंय. आठवड्याची सुट्टी, बदली माणूस, गमबूट, हातमोजे, धनुर्वाताचं इंजेक्शन हे सगळं खर्चात धरा. आम्हाला घरटी महिन्याला शंभर-सव्वाशे रुपये पडतात. अनेक सोसायट्या कुंड्या बांधून काम सफाई कामगाराच्या गळ्यात घालतात, जादा पगार न देता, आणि तीन महिन्यांनी कुंड्यांतून वास येतो म्हणून बंद करतात. तिथे दोष कुंडीचा नसतो.

पाल्याबद्दल थोडं सविस्तर. नवी मुंबईच्या रस्त्यांवर आणि सेक्टरांत सोनमोहर, बदाम, वर्षावृक्ष भरपूर आहेत. त्यांचा पाला जानेवारी ते मार्च इतका पडतो की झाडणाऱ्यांना तो ओझं वाटतो, आणि कोपऱ्यात ढीग करून काडी लावली जाते. राष्ट्रीय हरित लवादाने 2016 च्या डिसेंबरात उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली, साध्या जाळण्याला 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला 25,000 रुपये दंड ठेवला. तरी हिवाळ्यात सकाळी फिरायला निघालं की धूर नाकात जातोच. तोच पाला गोणींत भरून गच्चीच्या जिन्याखाली, कोरड्या जागी ठेवला तर जुलैत सोन्यासारखा कामी येतो. शेजारच्या दोन सोसायट्यांचाही पाला आम्ही उचलतो, त्यांना गाडीचा खर्च वाचतो. गोणी कमी पडल्या तर वखारीतला लाकडाचा भुसा चालतो. फक्त तो साध्या लाकडाचाच हवा, प्लायवूडच्या भुशात डिंकाची रसायनं असतात. उसाच्या गुऱ्हाळातली चिपाडं वाळवूनच घालावीत, ओल्या चिपाडांवर चिलटांची झुंबड उडते.

आता जुलै. वरून पत्र्याचं छप्पर आहे, पण वाऱ्याचा पाऊस आडवा येतो आणि जाळीतून आत शिरतो. पाणी भरलं की हवा संपते, हवा संपली की कुजण्याची जात बदलते आणि सडका वास सुटतो. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची स्वयंपाकघराची खिडकी कुंड्यांच्या थेट वर आहे. त्यांनी तक्रार केली आणि ती रास्त होती. ताडपत्रीचे पडदे लावले, पाला वाढवला, उलथापालथ एक दिवसाआड केली, आणि आठवडाभरात वास बसला. बांधतानाच छप्पर दोन-अडीच फूट बाहेर काढा आणि तळाला उताराची पन्हळ ठेवा, हा माझा सगळ्यात कळकळीचा सल्ला. जाळीच्या भोकांना बारीक लोखंडी जाळीही आतून लावा, घुशी फार चिवट असतात.

आळ्या पडतात. मोठ्या, राखाडी-तपकिरी, वळवळणाऱ्या त्या काळ्या सैनिक माशीच्या. त्या कचरा झपाट्याने खातात आणि त्यांची माशी घरातल्या अन्नावर बसायला येत नाही. पांढऱ्या बारीक आळ्या मात्र घरमाशीच्या, त्या दिसल्या की पाल्याचा जाड थर घालायचा आणि कुंडी तापू द्यायची.

हे सगळं कशासाठी, असं विचारणारे सभेत असतातच. खाडीपलीकडची मुंबईची देवनार कचराभूमी 1927 पासून भरतेय, 2016 च्या जानेवारीत तिथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या चित्रांत दिसला होता. कचऱ्याच्या डोंगरात दाबला गेलेला ओला कचरा हवेविना कुजतो आणि मिथेन सोडतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या 28 पट तापवणारा वायू आहे, आणि अशा आगींना तोच पोसतो. आपल्याकडे कोपरखैरण्याचा जुना डंपिंग ग्राउंड बंद करून त्यावर निसर्ग उद्यान उभं राहिलं, ते पाहून अभिमान वाटतो. पण तिथला कचरा थांबला म्हणजे कचरा थांबला नाही, तो तुर्भ्याला जायला लागला. त्या रस्त्याला राहणाऱ्यांनी आमच्या भाजीच्या सालींचा वास का घ्यावा? 2016 च्या घनकचरा नियमांतही हेच होतं: 5,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या संकुलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा.

वर्गीकरणासाठी नोटिसा लावल्या, सभा घेतल्या, परिणाम थोडाच झाला. खरा बदल झाला तो घरकामाला येणाऱ्या मावश्यांना एकदा कुंड्यांपाशी नेऊन दाखवल्यावर. कचऱ्याचा डबा घराघरांत त्याच भरतात. अजूनही चुकून येतं ते मुख्यतः दुधाच्या पिशवीचं कापलेलं टोक. नखाएवढं प्लॅस्टिक, पण खत चाळताना शेकड्याने निघतं. पिशवी कापताना टोक पूर्ण तोडू नका, लोंबतं ठेवा. फळांवरचे स्टिकरही काढून टाका.

तयार खत 4 मिलिमीटरच्या चाळणीतून काढतो. कचऱ्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास खत मिळतं, काळं, पावसानंतरच्या मातीच्या वासाचं. करवंट्या, कोयी, हाडं चाळणीवर राहतात, त्या पुन्हा नव्या कुंडीत जातात. घरोघरच्या झाडांच्या कुंड्यांना वाटूनही मे महिन्यात बरंच उरलं, ते एका रोपवाटिकेने नेलं. गणपतीतलं निर्माल्य दोरे आणि थर्माकोल काढून वेगळ्या कुंडीत घातलं, आणि ते खत इतर खताआधी संपलं, पुढच्या वर्षासाठी लोकांनी आताच सांगून ठेवलंय.

वीस-पंचवीस घरांच्या इमारतीला एवढा पसारा नको. दोन-तीन मोठी भोकांची पिंपं पुरतात, पण ती कुंडीइतकी तापत नाहीत, म्हणून त्यांत मटण-मासळी आणि तेलकट अन्न घालू नका आणि खताला अडीच-तीन महिने द्या. सुरुवात नोव्हेंबरात करा. पावसाळ्याआधी हात बसायला सहा-सात कोरडे महिने मिळतात आणि जानेवारीचा पालाही हाताशी येतो.