३५,२०० रुपये गेले आणि आवाज निघाला बॅटरीच्या क्लॅम्पचा

लिहू की नको यात तीन आठवडे गेले. लाज वाटत होती, खरं सांगते. पण परवा ऑफिसमधली एक मुलगी म्हणाली की तिच्या गाडीतून खडखड येतेय आणि गॅरेजवाला म्हणतोय रॅक (स्टीअरिंग फिरवल्यावर चाकं वळवणारा भाग) गेलाय, बावीस हजार लागतील. तेव्हा ठरवलं की आता गप्प बसायचं नाही.

गाडी २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, ६८ हजार किलोमीटर झालेली. राहायला पुण्यात धायरीला, ऑफिस हिंजवडीत आणि महिन्यातून दोनदा वाईला आईकडे. फेब्रुवारीत डॅशबोर्डच्या डाव्या बाजूने टक-टक आवाज यायला लागला. पेव्हर ब्लॉकवर, खड्ड्यात, ड्रेनेजच्या झाकणावरून गेलं की हमखास, गुळगुळीत रस्त्यावर काही नाही. ग्लोव्ह बॉक्स रिकामा केला, डिकीतला जॅक आणि पाना फडक्यात गुंडाळला, शेजारच्या सीटचा बेल्ट लावून बघितला कारण त्याचं बक्कल कधीकधी दाराशेजारच्या खांबाला आपटतं, मागचा पार्सल ट्रे आठवडाभर घरी ठेवला. आवाज तसाच. म्हणजे मी काहीही न बघता पैसे घेऊन धावत गेले नव्हते. ज्यांना वाटतंय की बाई आहे, गाडीतलं काय कळणार, म्हणून फसली, त्यांनी हे आधी वाचावं. माझ्या नवऱ्यालाही तोच आवाज ऐकू येत होता आणि त्यालाही सापडला नव्हता.

एप्रिलमध्ये घराजवळच्या एका गॅरेजमध्ये गेले. नाव लिहीत नाही, कारण प्रकरण पुढे न्यायचंय. गॅरेज टापटीप, दोन लिफ्ट, बसायला एसी केबिन, मालक गोड बोलणारा. मी त्याला स्पष्ट सांगितलं की दादा, जानेवारीत बॅटरी बदलली आणि त्यानंतर महिनाभरात हा आवाज सुरू झाला. तो म्हणाला, "मॅडम, बॅटरीचा नि आवाजाचा काय संबंध, योगायोग आहे." चेकिंगचे ५०० रुपये रोख घेतले, गाडी घेऊन एकटाच चक्कर मारून आला, मला सोबत बसूच दिलं नाही. मग लिफ्टवर चढवून मला खाली बोलावलं. एका पोराने लोअर आर्मच्या (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) बुशमध्ये टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घालून जोर लावला, बुश हलला, "बघा मॅडम." मग पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरून डावीकडे-उजवीकडे हलवलं, "बघा किती प्ले आहे, म्हणजे ढिलेपणा, रॅक गेलाय. त्याचा आवाज स्टीअरिंग कॉलममधून आत येतो म्हणून तुम्हाला डॅशबोर्डमधून आल्यासारखा वाटतो."

आता मला कळतं की बुश रबराचाच असतो, टॉमी घालून रेटला तर नवा कोरा बुशसुद्धा हलणार. आणि स्टीअरिंगचं लॉक उघडं असेल तर चाक हलवल्यावर स्टीअरिंग फिरणारच, त्याला प्ले म्हणत नाहीत. खरा प्ले बघायचा तर एकाने आत बसून स्टीअरिंग घट्ट धरायचं आणि दुसऱ्याने चाक थोडं थोडं हलवायचं. तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि मग तो जे बोलला त्यानेच मी होकार दिला. "मॅडम, तुम्ही खंबाटकी घाटातून जाता ना? रॅक मध्येच सुटला तर स्टीअरिंग फिरेल पण चाकं वळणार नाहीत. मुलं असतात ना गाडीत?" असतात. एक सहा वर्षांची आणि एक दहाचा. हे ऐकल्यावर कोणती आई म्हणेल की थांबा, दुसरीकडे विचारून येते? नवरा फोनवर म्हणाला होता की आधी अजून एकाला दाखवू, मीच त्याला म्हटलं की जिवाशी खेळ नको.

एस्टिमेट असं होतं: पुढचे दोन शॉकर ५,३००, स्ट्रट माउंट किट (शॉकर वर जिथे बसतो तिथले रबर-बेअरिंग) दोन्ही बाजूंचं १,९००, दोन लोअर आर्म ३,७००, रॅक ओव्हरहॉल (खोलून दुरुस्ती) ८,५००, अलाइनमेंट-बॅलन्सिंग ९००, लेबर ४,५००. एकूण २४,८००. दहा हजार ॲडव्हान्स यूपीआयने दिले, पैसे गॅरेजच्या नावावर न जाता कुणा माणसाच्या नावावर गेले हे मी स्क्रीनवर वाचलं आणि तरी पिन टाकला. उरलेले १४,८०० रोख मागितले, "पक्कं बिल केलं तर वर जीएसटी लागेल मॅडम, तुमचेच पैसे वाचवतोय." हातात मिळाली पिवळ्या एस्टिमेट पॅडची चिठ्ठी, त्यावर ना जीएसटी नंबर, ना शिक्का, ना पार्ट नंबर. कच्च्या चिठ्ठीवर पैसे देऊ नका. पैसे वाचतात ते त्याचे, तुमच्याकडचा पुरावा जातो.

आता तो क्षण, जो रात्री झोपताना आठवतो. गाडी घ्यायला गेले तेव्हा मी म्हटलं की नवे पार्ट बघायचेत. त्याने चाक पूर्ण वळवून आत मोबाईलचा टॉर्च मारला. शॉकर काळाकुट्ट, चकाचक. मी वाकून बोट लावलं. बोट काळं झालं. ओला रंग. पेंटचा वासही येत होता. मी बोट त्याला दाखवलं, विचारलं हे काय, तर तो म्हणाला, "अँटी-रस्ट कोटिंग आहे मॅडम, कंपनीतूनच येतं, दोन दिवस ओलसर राहतं." आणि पोराकडून फडकं मागवून माझ्या हातात दिलं. मी बोट पुसलं आणि गाडी घेऊन निघाले. नवा पार्ट खोक्यातून निघतो, खोक्यावर एमआरपीचं लेबल असतं, पार्ट नंबर असतो, आणि कारखान्यातून निघालेल्या वस्तूचा रंग हाताला कधी लागत नाही, हे एरवी मला स्वयंपाकघरातल्या मिक्सरबद्दलही कळतं. तिथं का नाही कळलं? दिवसभराचं ऑफिस, साडेसात वाजलेले, मुलं शेजारणीकडे, आणि समोरचा इतका शांतपणे बोलत होता की मलाच वाटलं मी उगाच संशय घेतेय. जुने पार्ट मागितले तर गोणीतून एक तेल गळणारा शॉकर काढून दाखवला, "हा तुमचा, स्क्रॅपला देतो". मी तो हातातही घेतला नाही. जुने पार्ट मागून घ्या आणि घरी आणा, भंगारात तुम्हीच घाला. आणि काम सुरू व्हायच्या आधी तुमच्या गाडीवर असताना त्यांचे फोटो काढून ठेवा.

चार दिवस आवाज कमी वाटला. वाटलाच असणार, एवढे पैसे दिल्यावर मन तसंच ऐकतं. पाचव्या दिवशी नवले पुलाजवळच्या खड्ड्यात, टक-टक. तसाच, तिथूनच. परत गेले तर म्हणे, "रॅकचा आवाज गेला, आता खाली दबलेला डॅशबोर्डचा आवाज वर आलाय." डॅशबोर्ड उघडायचे ६,५००, आत डॅम्पिंग शीट (आवाज शोषणारं जाड अस्तर) लावायचे ३,४००. म्हणजे ९,९००, त्यातले पाच हजार यूपीआय, ४,९०० रोख. हेही दिले. का दिले? कारण चेकिंगचे ५०० धरून २५,३०० आधीच गेले होते आणि ते वाया गेले हे मान्य करायची माझी तयारी नव्हती. एकूण ३५,२००. यूपीआयचा पुरावा फक्त १५,००० चा, बाकी २०,२०० रोखीत.

डॅशबोर्ड उघडून लावल्यावर टक-टक होतीच, शिवाय उजवीकडच्या एसी व्हेंटपाशी नवीन किर्रकिर्र सुरू झाली जी आधी कधीच नव्हती.

जूनमध्ये वाईला गेले तेव्हा भावाने त्याच्या ओळखीच्या एका काकांकडे गाडी नेली. छोटं गॅरेज, पत्र्याची शेड. काका म्हणाले, "ताई, तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो." गल्लीतून दोन फेऱ्या मारल्या, ते डॅशबोर्डवर हात ठेवून डोळे मिटून बसले होते. मग गाडी उभी करून इंजिन बंद करायला लावलं आणि बाहेरून डाव्या फेंडरवर (पुढच्या चाकावरचा पत्रा) दोन्ही हात टेकवून गाडी दाबून सोडली. टक. परत दाबली. टक. स्टीअरिंगला कुणाचा हात नाही, इंजिन बंद, आणि आवाज तोच. बॉनेट उघडलं, बॅटरीला हात घातला आणि हलवली. टक, टक. बॅटरी बसवणाऱ्याने ती जागेवर धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पचा नट नीट आवळलाच नव्हता, धक्क्यांनी तो सैल होत गेला होता, बॅटरी ट्रेमध्ये उडत होती. बारा-तेरा किलोची वस्तू, ती आणि डॅशबोर्ड यांच्यामध्ये फक्त एक पत्रा, आवाज आत येणारच. दहा नंबरचा पाना, दोन मिनिटं. काकांनी पैसे घेतले नाहीत.

मी तिथंच बोनेटला टेकून उभी राहिले, काही बोलवेना. त्या गॅरेजवाल्याने माझ्यासमोर तीनदा बॉनेट उघडलं होतं. मी स्वतः बॅटरीचं नाव घेतलं होतं!

मग काकांना म्हटलं, शॉकर बघा. त्यांनी चिंधी पेट्रोलमध्ये भिजवून डावा शॉकर घासला. काळा रंग चिंधीवर उतरला आणि खालून जुनं स्टिकर वर आलं, कडा फाटलेलं, पण छापलेली तारीख वाचता येत होती: २०१७. कंपनीतून गाडीला बसून आलेला शॉकर. उजव्याचंही तेच. लोअर आर्मसुद्धा जुनेच, रंग मारलेले. रॅकच्या डस्ट बूटवर (धूळ आत जाऊ नये म्हणून असलेलं रबरी आवरण) कंपनीने दाबून बसवलेला पत्र्याचा क्लॅम्प जसाच्या तसा. काका म्हणाले रॅक उघडायचा तर तो क्लॅम्प कापावा लागतो, मग नवा घालावा लागतो, म्हणजे रॅकला पाना लागलेलाच नाही. एकही पार्ट बदललेला नाही. एकही! सगळ्याचे फोटो आणि व्हिडिओ काढलेत.

पुण्यात परत येऊन गॅरेजमध्ये गेले, नवरा सोबत. मालक म्हणाला, "आमच्याकडून गेल्यावर तुम्ही कुठेतरी जुने शॉकर टाकून घेतले असतील." मग म्हणाला, जा कुठं जायचं तिथं.

गेलो. पोलीस चौकीत पहिल्या दिवशी पाऊण तास बसवून ठेवलं आणि सांगितलं की ही सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक कोर्टात जा. मी म्हटलं पार्ट न बदलता बदलल्याचे पैसे घेतले, ही फसवणूक नाही तर काय, भारतीय न्याय संहितेत ३१८ कलम कशासाठी आहे, जे आधी ४२० होतं? तर ते साहेब हसून म्हणाले, "मॅडम, पैसे तुम्ही स्वतः दिलेत ना? कुणी हिसकावले का?" हिसकावले असते तर ती चोरी झाली असती साहेब, फसवणुकीत माणूस पैसे स्वतःच देतो! दुसऱ्यांदा गेलो तर ते साहेब बंदोबस्तावर, तिसऱ्यांदा सांगितलं आधी गॅरेजला वकिलाची नोटीस पाठवा. चौथ्या फेरीला फक्त अर्जाच्या कॉपीवर शिक्का मिळाला. आरटीओत विचारलं तर गॅरेज आमच्याकडे येत नाही. एका हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, अठरा दिवसांनी मेसेज आला की समोरच्याने प्रतिसाद दिला नाही, तक्रार बंद. समोरच्याने उत्तर दिलं नाही म्हणून माझी तक्रार बंद! चार अर्ध्या सुट्ट्या गेल्या, पेट्रोल गेलं, आणि प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न, पक्कं बिल आहे का. माझ्याकडे बिल नाही, कारण त्यानेच दिलं नाही, आणि बिल नाही म्हणून माझं कुणी ऐकत नाही. मग अशा माणसाला कुणी हात लावायचाच नाही का?

एका मैत्रिणीच्या वकील बहिणीने सांगितलेलं सांगते, उपयोगी आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल किंवा पावती न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरलीय. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही, वकील लावायलाच पाहिजे असं नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. हे मला कुठल्याही सरकारी टेबलावर कुणी सांगितलं नाही. व्हॉट्सॲपवरचं एस्टिमेट, "गाडी रेडी आहे, सगळे पार्ट नवे टाकलेत" हा त्याचा मेसेज, यूपीआयचे दोन व्यवहार, शॉकरवरच्या तारखेचा व्हिडिओ, काकांनी सही करून दिलेला कागद, एवढ्यावर उभं राहता येईल असं ती म्हणाली. मेसेज डिलीट करू नका कुणीही.

आवाजासाठी गॅरेजमध्ये जायच्या आधी गाडी उभी करून चारही कोपरे दाबून बघा. शेजारी कुणाला तरी बसवून फिरवा, कारण चालवताना दिशा कळत नाही. बॅटरी, स्पेअर व्हील, जॅक, नंबर प्लेट, सायलेन्सरचं रबर, हे आधी हलवून बघा, फुकट आहे. एकाच चाकाच्या खड्ड्याला आवाज येतो आणि पूर्ण स्पीड ब्रेकरला दोन्ही चाकं एकदम चढली की येत नाही असं असेल तर लिंक रॉडचा (सस्पेन्शनमधली एक छोटी जोडदांडी) संशय घ्या, तो स्वस्त पार्ट आहे, तिथून सुरुवात करा. मेकॅनिक टेस्ट ड्राइव्हला एकटा निघाला तर चावी परत मागा. अलाइनमेंट केलं म्हणतो तर प्रिंट मागा, मला मिळाली नव्हती आणि मीही मागितली नाही. आणि जो आवाज शोधायच्या आधी मुलांचं नाव काढतो त्याच्याकडून लगेच गाडी काढा.

जिल्हा आयोगात अर्ज या सोमवारी देतेय. एसी व्हेंटची किर्रकिर्र अजून आहे, डॅशबोर्ड काढताना त्यांनी आतल्या तीन क्लिपा तोडल्यात. नाना पेठेत दोन मिळाल्या, ४० रुपयाला एक, तिसरी मिळत नाहीये, तोवर तिथं फेल्ट टेपचा तुकडा लावलाय.