गाऊटवर लक्ष ठेवण्यासाठी ड्युअल एनर्जी सीटी आणि सोनोग्राफी : वर्षभराचा अनुभव आणि नखांची तक्रार

ड्युअल एनर्जी सीटी म्हणजे सांध्यांतील युरेटचे (युरिक ॲसिडच्या क्षाराचे) साठे हिरव्या रंगात दाखवणारा सीटी स्कॅन; याहून अधिक इथे पहिल्यापासून सांगत बसत नाही. जुना गाऊट (युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यांत साठून होणारा संधिवात) असलेल्या आणि युरिक ॲसिड कमी करणारी गोळी रोज घेणाऱ्या बहुतेकांनी ती हिरव्या ठिपक्यांची चित्रे कुठे ना कुठे पाहिलेली असतात. लिहिण्याचे निमित्त वेगळे आहे. माझ्या दोन्ही पावलांच्या पहिल्या स्कॅनमध्ये युरेट स्फटिकांचे एकूण आकारमान 1.9 घन सेंटिमीटर नोंदवले होते. गोळीचा डोस टप्प्याटप्प्याने वाढवून, रक्तातील पातळी बरेच महिने आटोक्यात ठेवल्यानंतर, दुसऱ्या केंद्रात केलेल्या स्कॅनमध्ये ते 1.1 भरले. म्हणजे चाळीस टक्क्यांहून अधिक घट. हा आनंद दोन्ही रिपोर्टांतील चित्रे शेजारी ठेवून पाहीपर्यंतच टिकला, कारण पहिल्या चित्रात दहाही बोटांची नखे हिरवीगार होती आणि दुसऱ्यात एकही नख हिरवे नव्हते.

दहाही नखांखाली एकसारखा हिरवा थर हा गाऊट नसतो, हे रेडिओलॉजी शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. हे मशीन साधारणपणे 80 आणि 140 किलोव्होल्ट अशा दोन वेगवेगळ्या ऊर्जांवर क्ष-किरण सोडते आणि दोन्ही वेळी किरण किती शोषले गेले यातील फरकावरून पदार्थ ओळखते. कॅल्शियमच्या बाबतीत हा फरक मोठा असतो, युरेटच्या बाबतीत लहान. नखांतील केराटिन आणि टाचेची जाड, घट्टे पडलेली कातडी यांचे वागणे नेमके युरेटच्या जवळ जाते, म्हणून संगणक त्यांनाही हिरवा रंग देतो. यात मशीनचा दोष नाही. प्रश्न असा आहे, की आकारमानाची बेरीज करताना हा भाग हाताने वगळायचा असतो आणि पहिल्या केंद्रात तो कुणी वगळलाच नव्हता. टाचेचा हिरवा पट्टाही बेरजेत जसाच्या तसा धरला होता. एका स्कॅनला जो पैसा पडतो, त्यात युरिक ॲसिडची रक्ततपासणी कित्येक वेळा करून होते. इतका खर्च करून स्वतःच्या नखांचे घनफळ मोजून घेण्याची हौस मला नव्हती.

मग सुरू झाली खरी लढाई. नखे आणि टाच वगळून आकडा पुन्हा काढून द्यावा, एवढीच माझी विनंती होती. रिपोर्ट अंतिम झाला आहे, त्यात बदल होत नाही, असे उत्तर मिळाले. निदान मूळ माहिती तरी द्या, दुसरीकडे मोजून घेतो, असे म्हटल्यावर त्यांनी सीडी दिली. त्या सीडीत रंगवलेली तयार चित्रे होती. दोन्ही ऊर्जांवरील पातळ छेदांची माहिती, जिच्याशिवाय पुनर्मोजणी होऊच शकत नाही, ती नव्हती. "रिपोर्ट दिला, चित्रे दिली, आता आणखी काय हवे?" असे काउंटरवरून विचारले गेले. ही पातळ छेदांची माहिती फार जागा खाते, म्हणून ती काही काळाने पुसली जाते, हेही याच वेळी समजले. माझी अजून शिल्लक होती, पण ती हाती पडायला लेखी अर्ज, स्मरणपत्रे आणि माझ्या सांधेतज्ज्ञ डॉक्टरांचा एक फोन, एवढे सगळे खर्ची पडले.

दोन्ही केंद्रांत एकाच बनावटीचे मशीन असल्यामुळे दुसऱ्या केंद्रातील रेडिओलॉजिस्टना दोन्ही स्कॅन एकाच सॉफ्टवेअरमध्ये, एकाच सेटिंगवर तपासता आले. त्यांनी ते माझ्यासमोर केले, हे विशेष. पडद्यावर अंगठ्याचे टोक मोठे करून त्यांनी नखाभोवती माउसने एक वेढा काढला, तो भाग वगळला आणि कोपऱ्यातील आकडा खाली आला. मग पुढचे बोट. दोन्ही पावलांची बोटे संपल्यावर टाचा. तेवढ्यात आणखी एक गोष्ट उघड झाली. पहिल्या केंद्राने घनतेची खालची मर्यादा, म्हणजे जिच्याखालचे ठिपके मोजणीत धरत नाहीत ती, नेहमीच्या 150 हाउन्सफिल्ड एककांऐवजी (सीटीतील घनतेचे माप) 130 ठेवली होती. मर्यादा खाली आणली की बारीक साठे अधिक सापडतात, पण त्यांच्याबरोबर खोटे ठिपकेही वाढतात. दोन्हीपैकी कोणतीही मर्यादा वापरा, पण दोन्ही वेळी एकच वापरा आणि ती रिपोर्टात लिहा, इतकी साधी अपेक्षा आहे. सर्व दुरुस्त्यांनंतर पहिल्या स्कॅनचा खरा आकडा 1.3 निघाला. म्हणजे साठा 1.3 वरून 1.1 वर, एवढाच घटला होता आणि एवढ्या लहान फरकात पाऊल थोडे हलल्याचा किंवा मोजणीतील चुकीचा वाटा किती, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

इथपर्यंत वाचून मी या तपासणीवर काट मारली असेल, असे वाटेल. काही आठवडे तसेच ठरवले होते. त्या काळात माझा सगळा भर सोनोग्राफीवर होता, आणि तिच्याविषयीचे माझे आधीचे मत फारसे चांगले नव्हते. प्रोब (त्वचेवर टेकवायचे सोनोग्राफीचे उपकरण) धरणारा हात बदलला की निष्कर्ष बदलतो, हा तिच्यावरचा आक्षेप खोटा नाही. परंतु एकाच डॉक्टरांकडून, दर वेळी त्याच सांध्यांची आणि त्याच कोनातून तपासणी करून घेतली, तर औषधाचा परिणाम सोनोग्राफीत आधी दिसतो, असा माझा अनुभव आहे. पायाच्या अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यावर जेल लावून प्रोब ठेवला की हाडाची पांढरी रेघ दिसते, तिच्यावर कूर्चेचा काळसर पट्टा, आणि गाऊट असल्यास त्या पट्ट्याच्या वरच्या कडेवर दुसरी, थोडी ओबडधोबड पांढरी रेघ. हिलाच दुहेरी रेषेची खूण म्हणतात. निरोगी कूर्चेच्या पृष्ठभागावरही कधीकधी अशी चमक दिसते, पण प्रोब किंचित कलता केला की ती विरते. स्फटिकांची रेघ मात्र कोन बदलला तरी टिकून राहते. डॉक्टरांनी मला हे प्रोब कलता करून दाखवले. सुरुवातीला ती रेघ अखंड होती, नंतरच्या तपासणीत तुटक झाली आणि शेवटी उजव्या अंगठ्यात ती शोधूनही सापडली नाही. सीटीचा आकडा जेमतेम हलला असताना हे घडले होते.

या विसंगतीचे कारण डॉक्टरांनी सांगितले ते पटण्यासारखे आहे. कूर्चेवरचा थर पातळ असतो, म्हणून तो लवकर विरघळतो. स्फटिक जमून झालेल्या गाठींमधला साठा मोठा असतो, त्याला अनेकदा वर्षे लागतात. शिवाय ज्या गाठी आपण बोटांनी चाचपतो, त्या निव्वळ स्फटिकांच्या नसतात. त्यांत दाहाच्या पेशी आणि तंतुमय ऊतीही असतात. सोनोग्राफी पूर्ण गाठ मोजते, तर सीटी फक्त तिच्यातील पुरेसे दाट स्फटिक. त्यामुळे दोन तपासण्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून कुणाशी भांडायला जाऊ नये. नखांसाठी जरूर भांडावे.

ड्युअल एनर्जी सीटीविषयीचे माझे मत पुन्हा बदलले ते गुडघ्यामुळे. अंगठे शांत झाले होते, रक्तातील युरिक ॲसिड 6 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली स्थिर होते, तरी डावा गुडघा अधूनमधून सुजत असे. सोनोग्राफीत थोडे पाणी दिसले, स्फटिकांचा पुरावा दिसला नाही. वयोमानानुसार झीज, असा शेरा जवळजवळ पक्का झाला होता. डॉक्टरांनी नाइलाजाने गुडघ्याचा स्कॅन सुचवला आणि मीही तितक्याच नाइलाजाने तो केला. गुडघ्याच्या अगदी आतल्या अस्थिबंधांना लागून हिरवा साठा स्पष्ट दिसला. तिथपर्यंत सोनोग्राफीच्या लहरी नीट पोहोचतच नाहीत, आणि गुडघ्यात नखे नसतात, त्यामुळे शंकेला जागा उरली नाही. साठा शिल्लक असल्यामुळे पातळी 5 च्या खाली नेण्याचे ठरले, डोस वाढवला गेला आणि बंद होणार असलेले कोल्चिसिन (गाऊटचे झटके टाळण्याचे औषध) आणखी काही काळ चालू राहिले. रक्ताच्या रिपोर्टावर विसंबून हा निर्णय झाला नसता. युरेट साधारण 6.8 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेले की स्फटिक जमू लागतात, तर त्याच्या खाली ते हळूहळू विरघळतात. पण आधी किती जमले आहेत, हे रक्त सांगत नाही.

साधा एक्स-रे आणि एमआरआय यांबद्दल थोडक्यात सांगतो. एक्स-रेमध्ये हाडाची झीज दिसते, पण ती फार उशिरा, त्यामुळे वर्षभराच्या देखरेखीत त्याचा मला उपयोग झाला नाही. एमआरआयमध्ये सूज छान दिसते, तरी समोरची गाठ युरेटचीच आहे हे तो खात्रीने सांगत नाही, आणि तो खर्च मी टाळला. किरणोत्साराची भीती असलेल्यांसाठी एवढेच, की हातापायांच्या सीटीमध्ये तो पोटाच्या सीटीच्या तुलनेत फारच कमी असतो. तरी दर तीन महिन्यांनी स्कॅन काढण्याचे काहीच कारण नाही. साठा इतक्या वेगाने हलत नाही.

सध्या नियमित देखरेखीसाठी रक्ततपासणी आणि एकाच हातची सोनोग्राफी, आणि काही उलगडले नाही तरच सीटी, असे आमचे ठरले आहे. सीटी असेल तेव्हा मी चिठ्ठीवर डॉक्टरांकडून तीन गोष्टी लिहून घेतो: आधीच्याच मशीनवर आणि त्याच सेटिंगवर तपासावे, नखे व टाचेची कातडी वगळून आकारमान द्यावे, दोन्ही ऊर्जांची मूळ माहिती सीडीवर त्याच दिवशी द्यावी. गुडघ्याच्या स्कॅनच्या वेळी काउंटरवरच्या बाईंनी दुसरी ओळ वाचून माझ्याकडे पाहिले, पण चिठ्ठी निमूटपणे आत पाठवली. पहिल्या केंद्राकडे सुधारित रिपोर्टासाठी दिलेला अर्ज अजून "विचाराधीन" आहे. त्यांच्या नोंदीनुसार माझ्या पावलांत आजही 1.9 घन सेंटिमीटर युरेट आहे.