नोबिताची शेती आणि आईचे शेरे

'डोरेमॉन स्टोरी ऑफ सीझन्स' हा व्हिडिओ गेम सेलमध्ये घेतला तो मुलीच्या नावावर, खेळतोय मात्र मी. गेममध्ये हिंदी नाही. संवाद इंग्रजीत लिहून येतात आणि दुसरीतल्या पोरीला तेवढं झेपत नाही, म्हणून मी मराठीत वाचून दाखवतो. आम्ही दोघंही हंगामा चॅनेलवरच्या हिंदी डोरेमॉन कार्टूनवर वाढलेलो, त्यामुळे त्यातला दांडगट गियान मराठीत धमक्या देताना दोन दिवस कुणालाच पचला नाही.

गेम 2019 चा. 1996 पासून जपानमध्ये चालत आलेल्या, आपल्याकडे काहींना 'हार्वेस्ट मून' म्हणून माहीत असलेल्या शेतीच्या गेमांच्या मालिकेतला. कार्टूनमधला आळशी शाळकरी पोरगा नोबिता एक विचित्र बी पेरतो, वादळ उठतं आणि सगळी टोळी नॅचुरा नावाच्या गावात जाऊन पडते. त्याचा रोबो-मांजर दोस्त डोरेमॉन, त्याची जादुई गॅजेट्स गायब. या गावात लहान मुलंही कामाला जातात, त्यामुळे नोबिताच्या वाट्याला येतं पडीक शेत.

सुरुवात मात्र फार रटाळ. हा बोलतो, मग तो बोलतो, मग पुन्हा हाच. माझा घसा बसला तरी हातात कुदळ आलेली नव्हती. मुलगी मधेच उठून मॅगी खाऊन आली, तिचं काहीही चुकलं नव्हतं.

कुदळ आल्यावर मात्र मी अडकलो. चित्रं जलरंगात काढल्यासारखी, आणि झारीनं पाणी घातलं की तेवढाच चौकोन गडद होतो. आमचं घर निफाडकडचं, कांदा-द्राक्षवाल्यांचं. आई मागे खुर्चीत बसून बघत होती. तिचा पहिला शेरा : "रोज पाणी घालतोय? मुळं कुजतील रे." दुसरा, मी माल विक्रीच्या पेटीत टाकल्यावर : "म्हणजे अडत नाही, हमाली नाही, गाडीभाडं नाही. मग कुणीही करेल शेती."

नोबिताच्या अंगात ताकद बेताचीच. थोडी खणाखणी, थोडं पाणी, की दमला. अशा वेळी त्याला कुठेही आडवं करता येतं. बांधावर, रस्त्यात, झाडाखाली, कुठेही. तो झोपतो, घड्याळ पुढे सरकतं, ताकद परत येते. गेम बनवणाऱ्यांना नोबिता खरा कळलाय तो इथे. ज्या गुणासाठी पोरगं मालिकाभर बोलणी खातं, त्याच गुणावर इथे त्याचं शेत उभं राहतं. पुढे एनीव्हेअर डोअर, म्हणजे हवं तिथे नेणारं दार, हाती लागतं आणि गावभरची पायपीट वाचते. पण ते मिळेपर्यंत दम धरावा लागतो.

या मालिकेतल्या इतर गेमांत लग्न करून संसार थाटता येतो, इथे नायकच शाळकरी, म्हणून ते नाही. मला उणीव भासली नाही. मासेमारी ठीक. किडे पकडणं मुलीकडे दिलंय, त्यात ती माझ्यापेक्षा तरबेज.

घाई असेल त्यांनी पूर्ण किमतीला घेऊ नये. आमच्याकडे रोज जेवणानंतर अर्धा तास चालतो. काल नोबिताला झाडाखाली झोपवून मी फोन घ्यायला उठलो, तर मागून आईचा आवाज : "अरे, त्याला उठव. त्या कडेच्या दोन वाफ्यांना पाणी राहिलंय."