हवानात ४१५ डॉलरला गंडवलं: काचेच्या झाकणाची कोहिबा कुणी दाखवली तर मागे फिरा

आकडा आधी सांगतो. ‘कोहिबा एस्प्लेंदिदोस’ या क्युबाच्या महागड्या सिगारची, नकली निघालेली २५ची पेटी ३८० कॅनेडियन डॉलर, आम्हाला विक्रीच्या घरापर्यंत घेऊन जाणाऱ्या माणसाला बक्षीस म्हणून २०, आणि ज्या जुन्या गाडीतून त्याने नेलं तिचे १५. एकूण ४१५, म्हणजे रुपयांत पंचवीस हजारांच्या आसपास. सगळे रोख. त्यातला एक डॉलर परत आलेला नाही.

“आज कोऑपरेटिव्हचा दिवस, आजच निम्म्या भावात” ही रस्त्यावरच्या सिगार-दलालांची टेप क्युबाच्या राजधानीला, हवानाला, जाऊन आलेल्या सगळ्यांना पाठ असेल. मलाही ऐकून माहीत होती. तरी आम्ही गळाला लागलो. “एवढं साधं कळलं नाही का?” असं विचारणाऱ्यांनी पुढचं नीट वाचावं, कारण आता पद्धत बदलली आहे. हे लोक सिगार विकत नाहीत, ते तुम्हाला सिगार चाखायला बोलावतात.

मी कॅनडात मिसिसागाला असतो. मेव्हणा पुण्याहून आला होता, म्हणून फेब्रुवारीत दोघांनी क्युबातल्या वारादेरो या समुद्रकिनाऱ्याचं आठवड्याचं पॅकेज घेतलं आणि एक दिवस हवाना. हवानात कॅपिटोलिओ या घुमटाच्या सरकारी इमारतीच्या मागे पार्तागास या सिगार कारखान्याची जुनी इमारत आहे. कारखाना तिथून केव्हाच हलवला आहे, पण सिगारच्या नादाने येणारा प्रत्येक पर्यटक ती बघायला जातो. तिथेच तो भेटला. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात फोटोचं ओळखपत्र. भाव काढला नाही, पिशवी दाखवली नाही. “कारखाना बंद आहे, पण सध्या फेस्टिव्हल आहे, म्हणून कामगारांच्या घरी टेस्टिंग ठेवलंय,” एवढंच म्हणाला. फेब्रुवारीच्या अखेरीस हवानात सिगारचा मोठा महोत्सव भरत आलेला आहे, हे खरंच आहे. हे लोक नव्वद टक्के खरं बोलतात, म्हणून पुढचं खोटं पचतं. त्या महोत्सवाचा आणि कुणाच्या घरातल्या विक्रीचा काडीचा संबंध नसतो. कारखान्यातल्या कामगारांना स्वतःला ओढायला थोड्या सिगार मिळतात, पण सीलबंद पेट्या मिळत नाहीत. कधीच नाही.

दुसऱ्या मजल्यावरचं घर. टेबलावर पानं, वळायची फळी, अर्धगोल पात्याची सुरी. एका म्हाताऱ्या बाईंनी कॉफी आणून ठेवली. त्या माणसाने लाकडी डब्यातून दोन सिगार काढल्या. कशावरही ब्रँडची कागदी पट्टी नव्हती.

मला सिगारमधलं कळतं. वर्षानुवर्षं निकाराग्वाच्या एस्तेलीतल्या छोट्या कारखान्यांच्या सिगार आणतो, वहीत टिपणं ठेवतो. त्या दिवशीही सगळं रीतसर केलं. दोन बोटांत दाबत शेंड्यापासून पायापर्यंत गेलो, कुठे मऊ नाही, कुठे गाठ नाही. टोपीवर, म्हणजे ओठाकडच्या टोकाला चिकटवलेल्या पानावर, तीन शिवणी स्पष्ट दिसत होत्या. टोपी कापून न पेटवता ओढली तर वाळल्या गवताची गोडसर चव. देवदाराच्या काडीने पेटवली. पहिल्या एक-तृतीयांश भागात मध आणि ओलं गवत, जे कोहिबाकडून अपेक्षित असतं. मधल्या भागात कॉफी, भाजलेला बदाम. राख करडी, घट्ट, इंचभर होईपर्यंत पडली नाही. जळण्याची रेघ सरळ. मी आजही म्हणेन, ती सिगार उत्तम होती. कारखान्यातून चोरून आणलेली असेल, नाहीतर पिनार देल रिओ या तंबाखूच्या प्रांतातल्या एखाद्या शेतकऱ्याने वळलेली. जो माणूस चव ओळखतो, त्याला याच रस्त्याने पकडतात. चाखवायची एक आणि पैसे घ्यायचे दुसरीचे.

“पट्टी का नाही?” मी विचारलं होतं. “पट्टी निर्यातीच्या वेळी लावतात,” तो म्हणाला. हे उत्तर चुकीचं नाही. वळून, रंगावरून निवड करून झाल्यावरच पट्ट्या चढतात. माहिती असलेल्या माणसाला समाधान होईल असंच उत्तर होतं ते.

मग पेटी आली. तिच्या झाकणाला काच होती.

त्या काचेचा विचार करून मला रात्र रात्र झोप लागलेली नाही. पिवळा-काळा रंग, मधोमध पारदर्शक काच, आत पंचवीस सिगार दाटीने लावलेल्या, प्रत्येकीवर पट्टी. डाव्या कडेला हिरवं सरकारी हमीचं लेबल. मेव्हणा वाकून बघत होता. तो हळूच म्हणाला, “दाजी, काचेची पेटी असते का हो यांची?” मी त्या माणसाला विचारलं. “फेस्टिव्हल एडिशन, सील न तोडता माल दिसावा म्हणून,” असं उत्तर आलं. आता सांगा, उघड दाखवतोय त्याच्यावर संशय कोण घेईल? झाकलेली असती तर मी उघडायला लावली असती. काच असल्यामुळे सील न तोडता माल बघितल्याचं समाधान मिळालं, आणि माल हातात घेऊन बघणं राहूनच गेलं.

कोहिबाची खरी पेटी काचेच्या झाकणाची नसते. एस्प्लेंदिदोसची तर साधी वार्निश केलेली लाकडी पेटी असते आणि झाकणही लाकडाचंच. काच दिसली की विषय संपला, बाकी काही तपासायची गरज नाही. हे मोठ्या अक्षरांत कुठल्या विमानतळावर, कुठल्या हॉटेलच्या रिसेप्शनवर लिहिलेलं मला दिसलं नाही.

मागितले ५५०, ठरले ३८०. अधिकृत दुकानात ही पेटी हजारो डॉलरना जाते. २०२२ मध्ये कोहिबाच्या किमती जगभर हाँगकाँगच्या पातळीवर नेल्या, तेव्हापासून तर हातच लावता येत नाही. म्हणूनच ३८० हा भाव मला संशयास्पद नाही, नशीब वाटलं. पेटी घेऊन तो “प्लास्टिकमध्ये गुंडाळतो” म्हणून आत गेला. तुमची वस्तू तुमच्या नजरेआड कुणी नेली तर मागोमाग जा.

रात्री वारादेरोला बाल्कनीत सील तोडलं. वरच्या ओळीतल्या पट्ट्या वर-खाली लागलेल्या. कोहिबाच्या पट्टीवर पांढरे चौकोन असतात. इथे काही पट्ट्यांवर वरची रांग कडेला अर्धी कापली गेलेली. रंग तर बघवेना. खऱ्या पेटीत रंगावरून निवड करणारे कारागीर असतात, एका ओळीत छटा गडदाकडून फिक्याकडे लागत जातात. इथे काळपट सिगारशेजारी फिकट, तिच्याशेजारी हिरवट. पेटी उलटी केली. तळाला ‘हेचो एन कुबा’ (क्युबात बनवलेलं) वगैरे अक्षरं तापलेल्या ठशाने लाकडात दाबलेली असतात. बोट फिरवलं की खोलगट लागतात. आमच्या बोटाला काहीच लागलं नाही, नुसती शाई. आणि तारखेच्या शिक्क्यात जानेवारी इंग्रजीत. क्युबातल्या कारखान्याचा शिक्का महिना स्पॅनिशमध्ये मारतो.

तरी एक पेटवली. ओढ इतकी घट्ट की गाल दुखले. तंबाखूचे तुकडे जिभेवर. अमोनियाचा वास, म्हणजे पान नीट आंबवलेलंच नाही. एका बाजूने भराभर जळत गेली, राख काळी आणि सुटी. दुसरी ब्लेडने उभी चिरली: आत चुरा आणि देठांचे तुकडे. हाताने वळलेल्या चांगल्या सिगारमध्ये टोकापासून टोकापर्यंत अख्खी पानं असतात. मेव्हणा काही बोलला नाही, आणि ते मला जास्त लागलं. त्याच्या साहेबांना भेट द्यायला म्हणून त्यातल्या दहा ठरल्या होत्या.

इथपर्यंत चोराने लुटलं. पुढे ज्यांचं काम मदत करायचं, त्यांनी काय केलं ते ऐका.

टूर कंपनीची प्रतिनिधी हॉटेलच्या लॉबीत टेबल टाकून बसते. तिने मान वर न करता सांगितलं, “आमच्या सहलीत दुकान नव्हतं, तुम्ही स्वतः गेलात.” तिच्याच बसमधून उतरून गेलो होतो. त्याच टेबलावर तिची कंपनी ‘सिगार टूर’ विकते. त्यासोबत “रस्त्यावरून घेऊ नका” एवढा एक कागद द्यायला काय जात होतं? पोलीस ठाण्यात दुभाषा नाही. दीड तास बाकावर बसवलं. अधिकाऱ्याने वहीत काहीतरी लिहिलं, प्रत मागितली तर हाताने नाही म्हणाला. वर ऐकवलं की सरकारी दुकानाबाहेर खरेदी करणं हाच गुन्हा आहे, जपून बोला. मी घराचा पत्ता, गाडीचा रंग, माणसाचा फोटो सगळं दाखवत होतो. फोटोकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. असली घरं पोलिसांच्या नजरेखाली वर्षानुवर्षं चालतात, आणि गुन्हेगार ठरतो विचारणारा.

विमानतळावर कळस झाला. क्युबातून सुट्या सिगार २० पर्यंत विनापावती नेता येतात. मूळ सीलबंद पेटीत ५० पर्यंत. त्याहून जास्त असतील तर अधिकृत दुकानाचं बिल लागतं. माझ्याकडे तेवीस उरल्या होत्या, सील तुटलेलं. पुरावा म्हणून न्यायच्या होत्या. जास्तीच्या तीन काढून घ्या म्हणालो. कस्टमवाल्यांनी पेटीसकट तेवीसच्या तेवीस घेतल्या, “नकली आहेत” म्हणून. पावती दिली नाही. म्हणजे नकली आहेत हे सरकारी माणसाला एका नजरेत कळतं, पण विकणाऱ्याला धरायचं नसतं. आणि पुरावाही गेला. म्हणून सांगतो, फसलात तर त्याच रात्री पेटीचा तळ, सील, पट्ट्या, चिरलेली सिगार, सगळ्यांचे फोटो काढून ठेवा. माझ्याकडे तेवढेच आहेत.

कॅनडात परतल्यावर टोलवाटोलवी. बँक म्हणते एटीएममधून पैसे तुम्हीच काढले, व्यवहार वैध. फसवणूक नोंदवायच्या सरकारी फोनवरची बाई सहानुभूतीने बोलली, क्रमांक दिला आणि म्हणाली गुन्हा परदेशातला, पुढे काही होईलच असं नाही. विमावाल्यांचं पत्र आलं: चोरी झाली असती तर बघितलं असतं, तुम्ही स्वेच्छेने पैसे दिलेत. स्वेच्छेने! नकली माल देऊन पैसे काढून घेणं चोरी नाही, तर काय आहे?

पेटीवरच्या सीलचा क्रमांक क्युबाच्या सिगार जगभर विकणाऱ्या हाबानोस कंपनीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. पण क्रमांक जुळला म्हणून निर्धास्त होऊ नका, खऱ्या पेटीचा क्रमांक खोट्या लेबलावर कुणीही छापू शकतो. घ्यायचीच असेल तर ‘ला कासा देल हाबानो’ या अधिकृत साखळीची पाटी असलेलं दुकान, छापील बिल आणि कार्डाने पैसे. बिल नाही म्हणाले की बाहेर. अधिकृत दुकानातून एकच सिगार परवडत असेल तर एकच घ्या.

पुण्या-मुंबईत आणि गोव्यात अशाच पेट्या “दुबईहून आल्यात” म्हणून फिरतात, असं मेव्हण्याने परत गेल्यावर कळवलं. तिथे एक सोपी खूण आहे. भारतात कायदेशीर विकल्या जाणाऱ्या तंबाखूच्या पाकिटावर दोन्ही बाजूंनी ८५ टक्के जागेत सचित्र इशारा लागतो, शिवाय आयातदाराचं नाव आणि एमआरपी. कोऱ्या चकचकीत पेटीवर यातलं काही नसेल तर ती एक तर चोरट्या मार्गाने आलेली आहे किंवा खोटी, बहुतेक दोन्ही. पैसे ऑनलाइन दिले असतील तर तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवता येतं. आमचे रोख होते, ती वाटही नव्हती.

विमा कंपनीला मी दुसरं पत्र पाठवलं आहे, सगळे फोटो जोडून.