वाड्यातली खोली की कुसुंब्यातलं पत्र्याचं घर?

दालमिलमध्ये नवा माणूस लागला की आठवड्याभरात एकदा तरी विचारतो, "भाऊ, खोली कुठे बघू?" एमआयडीसीत कामाला लागलेल्या, चौदा-पंधरा हजारांत घर चालवणाऱ्या माणसापुढे जळगावात दोनच सरळ वाटा असतात. जुन्या गावात एखाद्या वाड्यात एक खोली, नाहीतर एमआयडीसीला लागून असलेल्या कुसुंब्यात पत्र्याच्या दोन खोल्या. मी दोन्हीकडे संसार मांडला आहे. शनिपेठेत तीन वर्षं, त्यानंतर कुसुंब्यात.

तिसरी वाट भुसावळची. तिकडे राहायचं आणि रेल्वेचा पास काढून यायचं. पास परवडतो, पण आमची दुसरी पाळी सुटते रात्री अकराला. महिनाभर करून बघितलं. नोकरी दहा ते सहाची असेल तर जरूर विचार करा, आमच्यासारख्यांनी नको.

पैशाचं आधी उरकून घेतो. वाड्यातल्या खोलीला २,२०० भाडं होतं आणि विजेचे सरसकट २५०. पण तिथून मिलवर यायचं म्हणजे शेअर रिक्षाने अजिंठा चौफुली, तिथून दुसरी रिक्षा. येऊन-जाऊन रोजचे ४०, महिन्याचे हजारावर. कुसुंब्यात भाडं ३,३००, सबमीटरवर युनिटला १० रुपये, मिलवर पायी. बेरीज केली तर फरक अडीचशे-तीनशेचा, आणि तोही वाड्याच्या बाजूने. स्वस्त म्हणून जो वाडा सांगतात तो फार स्वस्त नाही आणि महाग म्हणून जे कुसुंबा टाळतात ते फार महाग नाही, एवढंच म्हणतो. तुमच्या घरी दोघं कामाला जात असतील तर हिशेब निराळा येईल.

राहायला मात्र वाडा बरा, हे कबूल करायला मला लाज नाही. धाब्याचं म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर, हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, आणि मे महिन्यातसुद्धा दुपारी फरशीवर आडवं झालं की डोळा लागायचा. जळगावचा मे ज्याने पाहिला आहे त्याला याची किंमत कळेल. कुसुंब्यात पत्रा दुपारी बाराला असा तापतो की त्याचे खिळे टकटक वाजतात. बायकोने पहिल्याच उन्हाळ्यात पत्र्यावर पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, पसरायला लावली. संध्याकाळी त्यावर दोन बादल्या पाणी मारायचं, मग रात्री आठनंतर घरात बसवतं. पऱ्हाटी पावसाळ्याआधी काढली नाही तर कुजते आणि विंचू निघतात. हे आधी कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी सांगतो.

वाड्यात संडास सामाईक, सहा बिऱ्हाडांत एक. सकाळी साडेपाचला डबा घेऊन जिन्यावर नंबर. त्याचंही मी फार मनावर घेतलं नाही. बाजार दोन पावलांवर, दवाखाना जवळ, शेजार चांगला. पोरगी तापली तर रात्री दोनला दार वाजवावं अशा बाया होत्या.

मग सोडलं का? कागदासाठी.

मुलगी पहिलीच्या वयाची झाली तेव्हा आम्ही आरटीईचा, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याखालचा अर्ज भरला. खासगी शाळांतल्या २५ टक्के जागा, उत्पन्न वर्षाला एक लाखाच्या आत. आमच्या घरी तेव्हा मी एकटाच कमावता, तेही हंगामी, म्हणून दाखला मिळाला. सोडतीत तिचं नाव लागलं. गल्लीत पेढे वाटले. आणि पडताळणीला गेलो तर पत्त्याचा पुरावा मागितला. आधार कार्ड गावाकडचं, पारोळा तालुक्यातलं. भाड्याने राहत असाल तर भाडेकरार पाहिजे, तोही दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला, अकरा महिन्यांचा तरी, आणि अर्जाच्या तारखेआधीचा. शंभराच्या स्टॅम्पवर लिहून नोटरीचा शिक्का मारलेला चालत नाही.

आमच्याकडे नोटरीचासुद्धा नव्हता. मालकीणबाई सत्तरीच्या, स्वभावाने लोण्यासारख्या. लोणचं घातलं की आमची बरणी वेगळी काढून ठेवायच्या. पण करार म्हटलं की एकदम तुटक व्हायच्या. "कागद कसाले जोयजे रे भाऊ? तू मले मुलासारखा." तीन वर्षांत मी पाचवेळा तरी विषय काढला असेल. पाचही वेळा चहा मिळाला, कागद नाही.

त्यांचं अगदीच चुकत होतं असंही नाही. वाड्याच्या तळमजल्यावर एक दुकानदार सासऱ्यांच्या काळापासून बसलेला, महिना ९० रुपये देतो, निघत नाही, कोर्टात तारखा चालू. त्यांच्या डोक्यात गणित पक्कं बसलं होतं : कागद केला की भाडेकरू बसतो.

आता जो मुद्दा मला फार उशिरा कळला तो सांगतो. गणित नेमकं उलटं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, त्याचं कलम ५५ म्हणतं की करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी केली नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि लेखी करारच नसेल तर भाड्याच्या अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, खोटं ठरवायचं ओझं मालकावर. उलट नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता राहण्याच्या परवानगीचा करार असेल तर मुदत संपल्यावर न हलणाऱ्याला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून काढता येतं, आणि तो राहील तितके दिवस दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. म्हणजे ज्या भीतीपायी मालकीणबाई कागद देत नव्हत्या, त्या भीतीवरचं औषध तो कागदच होता. "अकरा महिन्यांचा असेल तर नोंदणी लागत नाही" हे जे सगळे सांगतात तेही आपल्या राज्यात खरं नाही.

तेव्हा मला हे ठाऊक असतं तर कदाचित अजून वाड्यातच असतो. ठाऊक नव्हतं. मुलीची जागा गेली आणि दिवाळीच्या आधी आम्ही टेम्पोत सामान भरलं.

कुसुंब्यातल्या मालकाने पहिल्याच भेटीत विचारलं, "करार करू ना?" तो स्वतः बँकेच्या कर्जात असल्याने कागदाला घाबरत नाही. एक पोरगा अंगठ्याचं मशीन आणि लॅपटॉप घेऊन घरीच आला, आधारवर दोघांचे ठसे घेतले, फोटो काढला, अर्ध्या तासात काम झालं. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटच्या व्याजावर पाव टक्का, म्हणजे आमच्या आकड्याला जेमतेम शंभर. नोंदणी फी ग्रामपंचायत हद्दीत ५००, महापालिका हद्दीत १,०००. पोराची मजुरी वेगळी, ती घासाघीस करून ठरवा. त्या एका कागदावर गॅस नावावर झाला आणि आधारचा पत्ता बदलला.

आरटीईचं विचाराल तर पुढच्या वर्षी कागद होता, सोडतीत नंबर लागला नाही. मुलगी झेडपीच्या शाळेत जाते. चांगली वाचते.

सरकार भाड्याला मदत देतं का, हेही पुष्कळ जण विचारतात. आपल्यासारख्या कुटुंबाच्या हातात दरमहा भाड्याचे पैसे ठेवणारी योजना माझ्या पाहण्यात नाही. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये २०२४ पासून परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचा एक भाग आहे, पण तशी इमारत अजून आमच्या वाटेला आलेली नाही. विद्यार्थ्यांचं वेगळं. माझ्या शेजारच्या खोलीत धडगावकडची दोन पोरं राहतात, वसतिगृहात नंबर लागला नाही म्हणून. आदिवासी मुलांना स्वयं योजना आणि अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार. कॉलेज कुठल्या गावात आहे त्यावर वर्षाची रक्कम ठरते, त्यातला एक भाग राहण्याचा. हप्ता उशिरा येतो, तोवर किराणावाला सांभाळून घेतो. आणि त्यांनाही भाड्याने राहत असल्याचा पुरावा द्यावाच लागतो.

तर आता खोली बघायला जाल तेव्हा नळ, संडास, पत्रा हे बघाच, पण डिपॉझिट हातावर ठेवण्याआधी करार नोंदवून देणार का ते विचारा. वाड्याचा मालक हो म्हणाला तर माझ्या सांगण्यावर जाऊ नका, वाडा घ्या. मला तसा एकही भेटला नाही, कदाचित मी फार शोधला नसेल.

आमचा करार या दिवाळीत संपतो. मालकाने दोनशे वाढवायचं बोलून ठेवलं आहे, मी शंभरावर अडलोय. मशीनवाल्या पोराला रविवारचं सांगितलं आहे.