खासगी यूएचएफ रिपीटर आणि व्यत्यय: काही महिने चालवल्यानंतरचा अनुभव

रिपीटर म्हणजे एका फ्रिक्वेन्सीवर ऐकलेलं त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर पुन्हा बोलणारं यंत्र; माझा यूएचएफवर, म्हणजे 300 मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात चालतो. गाडीत लावतात तसे दोन मोबाइल रेडिओ, त्यांच्यामध्ये एक छोटा कंट्रोलर, एकाच अँटेनावर बोलणं आणि ऐकणं वेगळं ठेवणारा सहा कॅव्हिटींचा (ठरावीक फ्रिक्वेन्सीला जुळवलेल्या धातूच्या पोकळ्यांचा) नॉच डुप्लेक्सर आणि वर एकच अँटेना. ऐकायची आणि बोलायची फ्रिक्वेन्सी एकमेकींपासून 5 मेगाहर्ट्झ लांब. परवान्यात बसेल अशा जोडीवर हा रिपीटर ऐन उन्हाळ्यात सुरू केला आणि थंडीपर्यंत तो अखंड चालला. एवढ्या वापरानंतर माझं मत पक्कं झालंय: रिपीटरला सगळ्यात जास्त त्रास त्याच्या स्वतःच्या ट्रान्समीटरचा होतो. शेजारचा रिपीटर, जवळचा टॉवर, एलईडी दिवे यांचा नंबर त्यानंतर लागतो.

आकडे पाहिले की हे लगेच पटतं. चांगला रिसीव्हर 0.2 मायक्रोव्होल्टच्या आसपासचा सिग्नल ऐकू शकतो, म्हणजे साधारण −120 डीबीएम (एक मिलिवॉटच्या तुलनेत मोजलेली ताकद). 10 वॉट म्हणजे +40 डीबीएम. फरक 160 डेसिबलचा, म्हणजे एकावर सोळा शून्यं इतक्या पट. आणि हे दोघंही एकाच अँटेनावर, एकाच क्षणी काम करणार.

डुप्लेक्सर इथे दोन वेगळी कामं करतो. रिसीव्हरच्या फांदीतल्या तीन कॅव्हिटी ट्रान्समिट फ्रिक्वेन्सी अडवतात, म्हणजे रिसीव्हरचा पुढचा टप्पा त्या ताकदीने दबून जात नाही. ट्रान्समीटरच्या फांदीतल्या तीन कॅव्हिटी रिसीव्ह फ्रिक्वेन्सी अडवतात, कारण ट्रान्समीटर आपल्या फ्रिक्वेन्सीच्या दोन्ही बाजूंना दूरवर हलका गोंगाट पसरवत असतो आणि तो नेमका आपल्या कानावर येऊन पडतो. दुसरं काम बरेच जण विसरतात. गोंगाट एकदा रिसीव्ह फ्रिक्वेन्सीवर आला की रिसीव्हरपाशी कितीही फिल्टर लावा, तो निघत नाही. तो उगमापाशीच अडवावा लागतो.

ट्यूनिंगबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. नॉच म्हणजे कॅव्हिटी जिथे सिग्नल अडवते तो खड्डा. कोणती फ्रिक्वेन्सी किती अडते हे दाखवणाऱ्या छोट्या स्वस्त नेटवर्क अ‍ॅनालायझरने नॉच जागेवर आणता येतो, पण यूएचएफवर या यंत्रांची नजर फार खोल जात नाही. नॉचचा तळ यंत्राच्या स्वतःच्या गोंगाटात बुडतो आणि 60 डेसिबलचा नॉच व 80 डेसिबलचा नॉच पडद्यावर सारखेच दिसतात. कॅव्हिटीच्या ट्यूनिंग स्क्रूचा शेवटचा पाव फेरा मी कानानेच दिला: क्षीण सिग्नल सोडायचा, ट्रान्समीटर चालू ठेवायचा आणि खरखर सर्वांत कमी होईल तिथे स्क्रूचं लॉकनट आवळायचं. नट आवळताना स्क्रू किंचित हलतो, म्हणून पुन्हा ऐकायचं.

आता डीसेन्सची, म्हणजे स्वतःच्या ट्रान्समीटरमुळे रिसीव्हर बहिरा होण्याची चाचणी. रिपीटर लावणाऱ्या प्रत्येकाने ही करावीच. एखाद्या मित्राला हँडसेट घेऊन पल्ल्याच्या कडेला उभं करा, इतकं लांब की त्याचा आवाज खरखरीसकट येईल. रिपीटरचा ट्रान्समीटर बंद ठेवून रिसीव्हरच्या स्पीकरवर त्याला ऐका. मग ट्रान्समीटर चालू करा. खरखर वाढली किंवा आवाज गायब झाला, तर तुमचा रिपीटर बोलताना बहिरा होतोय. पुढची पायरी त्याहून उपयोगाची आहे. अँटेना काढून डुप्लेक्सरला 50 ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रोध) लावा आणि अगदी थोडा सिग्नल रिसीव्हरमध्ये शिरेल अशी सोय करून तीच चाचणी करा. डमी लोडवर सगळं स्वच्छ आणि अँटेना जोडल्यावर खरखर, तर डुप्लेक्सरला दोष देऊ नका. दोष वरच्या केबलमध्ये, कनेक्टरमध्ये, अँटेनात किंवा आसपासच्या गंजलेल्या लोखंडात आहे. गंजलेला सांधा डायोडसारखा वागतो आणि नको ते मिश्रण तयार करतो. डमी लोडवरही खरखर असेल, तर ट्यूनिंग किंवा आतल्या जोडण्या तपासा.

केबलबाबत मी आता कडक झालोय. अ‍ॅल्युमिनियमची फॉइल आणि तिच्यावर कथिलाच्या मुलाम्याची तांब्याची जाळी, अशी कमी लॉसची केबल साध्या रेडिओला उत्तम. पण एकाच केबलमधून एकाच वेळी बोलणं आणि ऐकणं सुरू असलं की त्या दोन धातूंच्या स्पर्शबिंदूंवर गोंगाट जन्मतो, आणि केबल वाऱ्याने हलली की तो करकरतो. अँटेनापर्यंत अखंड तांब्याच्या नळीची हार्डलाइन आणि आत चांदीच्या मुलाम्याच्या दुहेरी जाळीची केबल घातल्यापासून ती करकर थांबली. रेडिओ आणि डुप्लेक्सर यांच्यामधला फूटभर तुकडाही महत्त्वाचा. तिथे साधी एकेरी जाळीची केबल वापरली, तर डुप्लेक्सरने कमावलेलं आयसोलेशन, म्हणजे ट्रान्समीटर आणि रिसीव्हर यांच्यातली फारकत, बाहेरून गळून जातं.

पॉवरबद्दल माझा अनुभव अनेकांना उलटा वाटेल. 25 वॉट आणि 10 वॉट, दोन्हींवर भरपूर चालवून पाहिलं. 10 वॉटवर रिपीटर जास्त उपयोगी ठरला. फरक जेमतेम 4 डेसिबलचा. ऐकणाऱ्याला तो फारसा जाणवत नाही, पण रिसीव्हरवरचा ताण तेवढाच हलका होतो आणि कडेचे हँडसेट ऐकू येऊ लागतात. हँडसेटची पॉवर चार-पाच वॉट. ज्याचा आवाज आपल्यापर्यंत पोचतच नाही, त्याला रिपीटर मोठ्याने ऐकू येऊन काय फायदा? शिवाय आपला सिग्नल विनाकारण लांब जाऊन दुसऱ्याच्या वाटेत येत नाही.

जोडी निवडण्याआधी दोन्ही फ्रिक्वेन्सी वेगवेगळ्या वेळी, टोन (आवाजासोबत जाणारा, ओळख पटवणारा खालच्या पट्टीचा सूर) न लावता ऐकाव्यात. ठरलेला टोन आला तरच स्पीकर उघडणाऱ्या टोन स्क्वेल्चने परका आवाज लपतो, नाहीसा होत नाही. एफएममध्ये जोरकस सिग्नल दुबळ्याला गिळतो, आणि टोन असो वा नसो, गिळलेला सिग्नल परत येत नाही. टोन लावायचाच, पण तो रिपीटर भलत्याच सिग्नलने उघडू नये म्हणून. जिथे वीज 50 हर्ट्झची आहे तिथे 100.0 हर्ट्झचा टोन टाळावा, कारण विजेची गुणगुण नेमकी तिथेच येते. त्याच जागी दुसरे ट्रान्समीटर असतील तर दोन सिग्नलांच्या मिश्रणातून निघणाऱ्या फ्रिक्वेन्सीचं कागदावर गणित करा: एका फ्रिक्वेन्सीची दुप्पट, वजा दुसरी. 462.600 आणि 462.650 यांच्यातून 462.550 निघते. असं उत्तर आपल्या रिसीव्ह फ्रिक्वेन्सीवर पडत असेल तर जोडी बदललेली बरी.

नॉच डुप्लेक्सर फक्त आपल्याच ट्रान्समीटरला अडवतो. बाकीचं जग सरळ आत येतं. म्हणून रिसीव्हरच्या फांदीत एक बँडपास कॅव्हिटी (फक्त आपली फ्रिक्वेन्सी आत सोडणारी) वाढवली. तिने जेमतेम 1 डेसिबल खाल्लं आणि दूरच्या फ्रिक्वेन्सींवरच्या जोरकस सिग्नलांनी होणारी कुरबुर मिटवली. स्विचिंग पॉवर सप्लाय काढून ट्रान्सफॉर्मरवाला लावल्यावर रिसीव्हर आणखी शांत झाला.

एकाच अँटेनाऐवजी ऐकायची आणि बोलायची अशा दोन अँटेना लावायची जागा असेल तर त्या एकीवर एक, उभ्या रेषेत लावा. यूएचएफवर 3 मीटर उभ्या अंतराने 50 डेसिबलच्या वर आयसोलेशन मिळतं. तेवढ्यासाठी आडवं अंतर 25 मीटरच्या आसपास लागतं.

एक तक्रार अजून शिल्लक आहे. कडक उन्हात छपराखालच्या या छोट्या डुप्लेक्सरचा नॉच किंचित सरकतो आणि दुपारी कडेचे आवाज खरखरतात. पुढच्या उन्हाळ्याआधी तो सावलीच्या भिंतीवर हलवणार आहे आणि ऐन गरमीतच पुन्हा ट्यून करणार आहे.