आठ महिने, एक कुत्री आणि अडीचची तार : कॅरव्हॅन वापरानंतरचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरात घेतलेल्या आमच्या कॅरव्हॅनला, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीला, या महिन्यात आठ महिने झाले. टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेल्या गाड्यांची लांबी-रुंदी, मायलेज, पलंगाची मापे ही माहिती अशा गाडीच्या शोधात असलेल्यांनी कधीच वाचलेली असते, त्यामुळे ती येथे पुन्हा देत नाही. या गाडीतल्या एकाच गोष्टीविषयी मला सविस्तर लिहायचे आहे आणि ती म्हणजे पुढच्या, इंजिनच्या बॅटरीपासून मागच्या, राहत्या भागाला वीज देणाऱ्या बॅटरीपर्यंत गेलेली सहा मीटर लांबीची तार. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात तिचा उल्लेख नव्हता, मीही गाडी घेताना तिच्याविषयी विचारले नाही आणि त्यापायी एप्रिल महिन्यात आमची कुत्री जिवावरच्या प्रसंगातून गेली.

आम्ही घोडबंदर रस्त्यावरच्या एका सोसायटीत राहतो. प्रवासात आम्ही तिघे असतो : मी, पत्नी आणि ठकी. ठकी पाच वर्षांची देशी कुत्री आहे, वजन सतरा किलो. तिला घरी एकटी ठेवून जाणे आम्हाला जमत नाही, हॉटेलवाले तिला आत घेत नाहीत, म्हणून तर ही गाडी घेतली. कुत्रा सोबत असला की गाडीच्या विजेचे सगळे गणित बदलते, हे मात्र विकणाऱ्याने सांगितले नाही आणि मला तेव्हा सुचले नाही. छतावर शंभर वॅटचे सोलर पॅनेल आहे, परंतु कुत्रा असलेला माणूस गाडी उन्हात उभी करीत नाही. तो आधी आंब्याचे, वडाचे किंवा सुरूचे झाड शोधतो आणि त्या सावलीत ते पॅनेल जवळजवळ निकामी होते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, त्यात पाणी आणि वीज असलेल्या कॅरव्हॅन पार्कची कल्पना आहे. आम्ही मात्र बहुतेक मुक्काम घरगुती खानावळींच्या अंगणात रात्रीचे दोनशे-तीनशे रुपये देऊन केले आणि तेथे प्लग मिळेलच असे नसते. सोसायटीच्या पार्किंगमध्येही आम्हाला प्लग मिळालेला नाही आणि तीस किलोची बॅटरी उचलून लिफ्टने घरी नेणे या वयात शक्य नाही. उरला तो गाडी चालताना अल्टरनेटरकडून, म्हणजे इंजिनवर फिरणाऱ्या जनित्राकडून, होणारा चार्ज. छताचा पंखा, फ्रिज, दिवे आणि पाण्याचा पंप हा सगळा भार त्या एका तारेवर होता.

नोव्हेंबरात आम्ही भंडारदऱ्याला गेलो. थंडीमुळे पंखा लावावाच लागला नाही, फ्रिजमध्येही फारसे काही नव्हते आणि परत आल्यावर मी ओळखीच्या तिघांना गाडी उत्तम असल्याचे कळवून टाकले. डिसेंबरात गणपतीपुळ्याला तिसऱ्या दिवशी सकाळी फ्रिज बंद पडलेला आढळला आणि दोन लिटर दूध फेकून द्यावे लागले. ज्या कारखान्याने गाडी बांधली त्याला फोन केला, तेव्हा बॅटरी गेली आहे, तुम्ही ती जास्त वापरली असणार, असे उत्तर मिळाले. मी ते खरे मानले. शंभर अँपिअर-अवरची नवी एजीएम, म्हणजे पाणी घालावे न लागणारी बंद बॅटरी जुनी परत देऊन ९,२०० रुपयांना बसली. त्यानंतर मी सर्वांना सांगत सुटलो की गाडी चांगली आहे, फक्त कारखान्याकडची बॅटरी घेऊ नका. हे मत चुकीचे होते आणि ते येथे मी मागे घेतो. जुन्या बॅटरीत बहुधा काहीही दोष नव्हता.

एप्रिलमध्ये दापोलीकडून निघून दाभोळ-धोपावे फेरीबोटीने आम्ही गुहागरला उतरलो. त्या फेरीबोटीवर कोल्हापूरच्या एका निवृत्त शिक्षक दांपत्याची ओळख झाली. त्यांची गाडी आमच्यासारखीच, फक्त दुसऱ्या कारखान्याने बांधलेली, आणि सोबत म्हातारी लॅब्रॅडोर कुत्री. ठकी सहसा दुसऱ्या कुत्र्याला जवळ येऊ देत नाही, पण बोट पलीकडच्या धक्क्याला लागेपर्यंत ती त्या म्हातारीच्या पोटाला टेकून बसली होती. गुहागरला दोन्ही गाड्या सुरूच्या बनाजवळ एकाच अंगणात लावल्या. दोन रात्री तेथेच राहिलो, गाडी जागची हलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी फ्रिज पुन्हा बंद पडला. बॅटरी तर नवी आहे, तेव्हा फ्रिजचाच काही दोष असावा, असे मी समजलो आणि तेथेच मोठी चूक केली. साडेअकराच्या सुमारास छताचा पंखा मोठ्या वेगावर लावून, जाळीच्या खिडक्या उघड्या ठेवून आणि ठकीला आत ठेवून आम्ही दोघे भाजी आणायला बाजारात गेलो. परत यायला पंचवीस मिनिटे लागली.

अंगणात शिरताना पंख्याचा आवाज येत नव्हता. दार सरकवले तर ठकी दाराशी आडवी पडलेली, जीभ पूर्ण बाहेर, तोंडातून चिकट लाळ आणि धापा इतक्या जलद की बरगड्या मोजता याव्यात. सावली असूनही पत्र्याची गाडी आतून तापली होती. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांतून. बाकीची उष्णता त्याला धापा टाकूनच बाहेर काढावी लागते आणि सभोवतालची हवाच गरम आणि दमट असेल तर धापांचाही फारसा उपयोग होत नाही. कोल्हापूरच्या बाईंनी क्षणाचाही विलंब न करता आपल्या गाडीचे इंजिन आणि एसी सुरू केले आणि ठकीला उचलून आत नेले. ठाण्यातल्या आमच्या पशुवैद्यांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे बर्फाचे पाणी न वापरता साध्या पाण्याने तिचे पोट, काखा आणि पंजे भिजवत राहिलो, वारा घातला आणि प्यायला थोडे थोडे पाणी दिले. थर्मामीटरवर ४०.३ अंश सेल्सिअस दिसले. कुत्र्याचे सामान्य तापमान ३८.३ ते ३९.२ च्या दरम्यान असते. चाळीस मिनिटांनी ते ३९.१ वर आले आणि ती उठून पाणी प्यायली. तिला पंख्याच्या भरवशावर सोडून जाणे ही माझी चूक होती आणि त्या दिवसापासून आम्ही दोघांपैकी एकजण नेहमी तिच्याजवळ थांबतो. परंतु तो पंखा बंद का पडला, हे शोधल्याशिवाय मला झोप येणार नव्हती.

खानावळीच्या मालकांनी चिपळूणच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनचा पत्ता दिला. पंचेचाळीस किलोमीटर जाऊन दुपारी बहादूरशेख नाक्याजवळचे त्यांचे दुकान गाठले. माणूस तिशीतला, कमी बोलणारा. मी बॅटरीची कहाणी सांगू लागलो ती त्यांनी अर्धीच ऐकली, इंजिन चालू ठेवायला सांगितले आणि मीटर लावला. पुढच्या बॅटरीवर १४.१ व्होल्ट, मागच्या बॅटरीवर १२.६. त्यांनी मला दोन्ही आकडे पुन्हा दाखवले आणि म्हणाले, "काका, बॅटरीला काय झालेलं नाही. तिच्यापर्यंत पोचतंय कुठे?"

फळी उचलून त्यांनी तार बाहेर ओढली. लाल रंगाची, घरातल्या वायरिंगला वापरतात तशी अडीच स्क्वेअर एमएमची (हे तारेच्या छेदाचे क्षेत्रफळ, म्हणजे तिची जाडी) तार होती. दोन्ही बॅटऱ्या जोडणाऱ्या रिलेपाशी, म्हणजे आपोआप चालणाऱ्या स्विचपाशी, तिच्या टोकाला लावलेला लग (जोडणीची धातूची टोपी) पक्कडीने नुसता चेपलेला होता, हत्याराने दाबून पक्का म्हणजे क्रिम्प केलेला नव्हता. त्या टोकाशी दीड-दोन इंच आवरण तपकिरी होऊन कडक झाले होते आणि नखाने दाबताच त्याचा तुकडा उडाला. "हात लावून बघा," ते म्हणाले. तार चांगलीच कोमट लागत होती. जी वीज बॅटरीत जायला हवी होती तिच्यातली काही त्या तारेला तापवण्यात खर्च होत होती.

हा हिशेब मी नंतर वहीत मांडला आणि तो येथे देतो, कारण गाडी बांधून घेणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा तरी करून पाहावा असे मला वाटते. अडीच स्क्वेअरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.००७ ओहम असतो. जायची सहा आणि यायची सहा, अशा बारा मीटरचा रोध ०.०८ ओहमच्या वर जातो. तिच्यातून बारा अँपिअर गेले की एक व्होल्ट वाटेतच संपतो आणि सैल लग आणखी अर्धा व्होल्ट खातो. घरात २३० व्होल्टमधून दीड व्होल्ट कमी झाला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. बारा व्होल्टच्या जगात मात्र तो सगळा खेळच बिघडवतो, कारण एजीएम बॅटरी नीट भरायला १४ व्होल्टच्या वर दाब लागतो आणि पूर्ण भरलेली बॅटरी नुसती पडून असतानाच १२.८ च्या आसपास दाखवते. तिला १२.६ देणे म्हणजे उताराच्या पायथ्यापासून वर पाणी चढवू पाहणे होय. ज्या कारागिराने ही तार घातली त्याचा हात घरच्या वायरिंगला सरावलेला असावा. त्या कामात अडीचची तार खरोखरच पुरेशी असते. त्यातून घोडबंदर रस्त्यावरच्या गायमुखच्या चढावर गाडी तासभर रांगेत उभी राहिली की इंजिन मंद फेऱ्यांवर असते आणि अल्टरनेटरकडूनच कमी वीज येते. आमच्या जवळजवळ प्रत्येक प्रवासाचा पहिला तास तेथेच जातो.

चिपळूणच्या त्या गृहस्थांनी लग कापून नवा नीट क्रिम्प केला, दुकानातली दहा स्क्वेअरची तार जोडीला टाकली आणि सहाशे रुपये घेतले. मागच्या बॅटरीवर १३.६ दिसू लागले. मी हजार रुपये देऊ केले तेव्हा त्यांनी चारशे परत केले आणि तोडलेला लग कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला, कारखान्यात दाखवायला.

तो मी दाखवला. कारखान्याच्या मालकांचे म्हणणे असे की सगळ्या गाड्यांना हीच तार घातली आहे, कोणाची तक्रार नाही. माझी मागणी साधी होती : बॅटरीचे ९,२०० रुपये नकोत, योग्य जाडीची तार आणि दोन फ्यूज तुमच्या खर्चाने घालून द्या. वॉरंटीत वायरिंग येत नाही, असे सांगून त्यांनी नकार दिला. एवढ्या किमतीच्या गाडीत अडीच आणि पंचवीस स्क्वेअरच्या तारेतला फरक फार तर अडीच-तीन हजारांचा आहे. फर्निचरला महागडे लॅमिनेट आणि छताला रंग बदलणारे दिवे लावणाऱ्यांनी तो वाचवावा याचा मला अजून संताप येतो. मी तीन वेळा गेलो, दोन पत्रे दिली आणि शेवटी स्वतःच खर्च केला.

मुंबईच्या लोहार चाळीतून पंचवीस स्क्वेअरची लवचीक तांब्याची केबल सोळा मीटर आणली, वागळे इस्टेटमधल्या ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून हायड्रॉलिक क्रिम्परने लग लावून घेतले आणि दोन्ही बॅटऱ्यांच्या अगदी जवळ एकेक फ्यूज बसवला. जाड तारेला फ्यूज टाळू नये. ती कोठे घासून शॉर्ट झाली तर बॅटरी तिच्यातून हवी तेवढी वीज ओतते आणि आग लागू शकते. केबल, लग, फ्यूज आणि मजुरी मिळून ६,४५० रुपये झाले. आता इंजिन चालू असताना मागे १३.९ व्होल्ट मिळतात. मे महिन्यात भंडारदऱ्याला पुन्हा गेलो तेव्हा पंखा रात्रभर चालला, फ्रिज एकदाही बंद पडला नाही आणि सकाळी बॅटरी १२.५ वर होती. लिथियम बॅटरीसाठी मी चाळीस हजार बाजूला ठेवत होतो, तो विचार सोडून दिला आहे. जुन्या तारेवर लिथियमही उपाशीच राहिली असती.

बाकीच्या गोष्टींविषयी थोडक्यात. पलंग मजबूत आहे. दाराची पायरी उंच असल्याने ठकीसाठी प्लायची उतरती फळी केली आणि फळीवर पायपुसणे चिकटवले, कारण गुळगुळीत फळीवर ठकी पाय ठेवीत नव्हती. खिडक्यांच्या जाळ्या कुत्र्याच्या नखांना टिकत नाहीत. आम्ही आतून स्टीलची जाळी लावली. भंडारदऱ्याच्या गवतातून आल्यावर गोचीड तपासल्याशिवाय तिला गादीवर घेऊ नये. आरसी बुकावर कॅरव्हॅन अशी नोंद असल्याची खात्री पैसे देण्यापूर्वीच करावी, कारण गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल केले तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे ती जबाबदारी शेवटी मालकावर येते. आमची नोंद व्यवस्थित होती, हे कारखान्याच्या बाजूने नमूद करतो. पहिल्या पावसात छताच्या पंख्याभोवती गळती झालेली नाही, हेही.

गाडी घ्यायला जाल तेव्हा तीनशे रुपयांचा मीटर सोबत न्या. इंजिन सुरू करा, फ्रिज आणि पंखा चालू करा आणि दोन्ही बॅटऱ्यांवरचे आकडे तपासा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर आधी तार दाखवायला सांगा, मग पैशांचे बोला.

कोल्हापूरच्या मास्तरांना मी हेच करायला सांगितले होते. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. त्यांच्या गाडीत मागे १३.० मिळतात आणि तार चारची निघाली. त्यांच्या म्हाताऱ्या कुत्रीला ठकीपेक्षा उन्हाचा त्रास जास्त होतो. माझ्याकडची साडेतीन मीटर केबल उरली आहे; त्यांची मागची बॅटरी चालकाच्या आसनामागेच असल्याने ती पुरेल असा अंदाज आहे. येत्या रविवारी कराडला भेटायचे ठरले आहे, लग आणि फ्यूज मी घेऊन जातो.